कुणालाही न कळणारा रोजा

५ सप्टेंबर, शुक्रवार
आज शेख रजब मशिदीत खुतब्याच्या प्रवचनात अगदी माझ्या मनातलं बोलले. लोकांना दाखवायला केलेली इबादत म्हणजे भोक पडलेली पखाल, पाणी वाटेत सांडतं आणि पाठ तेवढी दुखते. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये. मी मान डोलावली. पहिल्या रांगेत होतो, त्यामुळे त्यांना दिसली असावी.
संकल्प : रिवाजाप्रमाणे दर सोमवारी आणि गुरुवारी नफिल, म्हणजे ऐच्छिक, रोजा ठेवायचा. कुणालाही सांगायचं नाही. समीहालाही नाही. बायकोला न कळता रोजा कसा ठेवायचा, ते नंतर ठरवू.

८ सप्टेंबर, सोमवार
रोजा. समोरच्या अवद शिंप्याने नेहमीसारखा चहा पाठवला. परत पाठवला. कारण सांगितलं नाही. नुसते डोळे किंचित मिटून "आज नको" म्हटलं, जरा खोल आवाजात. अवदने समोरून विचारलं, आज सोमवार ना? मी गप्प. गप्प बसणं म्हणजे सांगणं नव्हे.
दुपारी ओठ कोरडे पडले. दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसलो. आत उकडत होतं.

तोच दिवस, तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजनंतर
डोकं ठणकायला लागलं. चष्मेवाल्याचंच डोकं दुखलं तर गिऱ्हाइकाचा नंबर चुकणार. परक्यांच्या डोळ्यांची जबाबदारी मोठी. डोळे तपासायच्या डार्क रूममध्ये जाऊन दोन बिस्किटं खाल्ली. लपूनच. शेखसाहेबांनी लपवायलाच सांगितलंय.

११ सप्टेंबर, गुरुवार
कॉफीवाला मुतवल्ली मला पाहून उठून उभा राहिला. ट्रामच्या स्टॉपपर्यंत बातमी गेलीय. अवदला चांगलं झापलं, कुणाला सांगू नकोस म्हटलं. आता तो "कुणाला सांगू नकोस म्हणालेत" असंही सांगत फिरतो. इतकी वर्षं "अरे बहगत" म्हणायचा, आजपासून "अहो बहगतभाई".
यात माझा दोष नाही. सुगंध झाकून ठेवता येत नाही. (हे वाक्य चांगलं झालंय. कुणापुढे तरी म्हणायला हवं.)
आजचा रोजा दुपारपर्यंत.

२२ सप्टेंबर, सोमवार
या आठवड्यात रोजा नाही. गुडघा दुखतोय. पण गल्लीला कसं कळणार? चहा नाही, पाणी नाही, माझ्यासमोर कुणी सिगरेटही ओढत नाही. मुतवल्ली माझी चाहूल लागताच साखरेची बरणी झाकतो.
शेवटी दोन स्टॉप पलीकडे जाऊन कलेजीचं सँडविच आणलं, लसूण आणि हिरवी मिरची जास्त घालून. चष्म्यांच्या खोक्यात घालून आत आणलं. डार्क रूमचं दार लावून खाल्लं. समोर नंबर तपासायचा तक्ता लावलेला. शेवटची ओळ अजून नीट वाचता येते.

२३ सप्टेंबर, मंगळवार
आज उजळ माथ्याने चहा प्यायचा, असं ठरवून दुकान उघडलं. चहा आलाच नाही. अवदला आडून विचारलं. म्हणाला, तुम्ही आता मंगळवारीही ठेवता ना. मी विचारलं, कोण म्हणालं? म्हणाला, सगळेच म्हणतात.
पुन्हा सँडविच. पुन्हा डार्क रूम.

१ ऑक्टोबर, बुधवार
कोणत्या दिवशी मी रोजा ठेवत नाही, यावर आता गल्लीत एकमत नाही. त्यामुळे कुणीच धोका पत्करत नाही. फळवाला द्राक्षं तोलताना एक चाखायला द्यायचा, तेही बंद. मी माझ्याच गल्लीत माझ्याच पोटाचा चोर झालोय.
समीहा म्हणाली, रोजे ठेवून पँट घट्ट होणारा नवरा पहिल्यांदाच पाहिला. तिला धर्माची फारशी जाण नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
नमाजनंतर शेख रजबना गाठलं. माझ्या एका मित्राची अडचण आहे म्हटलं. रोजे सुटले, पण लोक अजून त्याला रोजेदारच समजतात. शेखसाहेबांनी दाढी कुरवाळली. मग म्हणाले, लोकांच्या धाकाने चांगलं काम सोडणं हाही दिखावा, आणि लोकांच्या धाकाने ते चालल्यासारखं दाखवणं हाही. तुमच्या मित्राने एक तर रोजा ठेवावा, नाही तर बाहेर खुर्ची टाकून सगळ्यांसमोर जेवावं. नफिल आहे, सक्ती कुणी केलीय?
मी म्हटलं, मित्र फार लाजाळू आहे.
ते म्हणाले, मग रोजा ठेवावा. लाजाळू माणसाला तोच सोपा.
मित्राला कळवतो म्हटलं. शेखसाहेब चांगले आहेत, पण व्यवहार कळत नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार
अवद दुकानात आला. माप घ्यायची टेप गळ्यातच होती. मी नुकताच डार्क रूममधून बाहेर आलेलो. त्याच्या हृदयाची झडप बदलायचीय, मंगळवारी. इतके दिवस कुणाला बोलला नव्हता. खुर्चीच्या कडेवर टेकला आणि म्हणाला, "बहगत, मंगळवारी तुझा रोजा असला तर माझ्यासाठी माग. रोजेदाराची दुआ परत फिरत नाही म्हणतात."
सांगायची हीच वेळ होती. तोंड उघडलं. पण तोंडाला लसणाचा वास होता, म्हणून मिटलं. मान वळवून "मागेन" म्हटलं. त्याला तो विनय वाटला असणार. माझ्या खांद्याचं चुंबन घेऊन गेला.
बऱ्याच दिवसांनी "बहगत" म्हणाला. "भाई" नाही, "अहो" नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार, दुपार
रोजा. खरा. समीहालाही कळलेलं नाही. पहाटे उठलो, पण काही खाल्लं नाही, भांड्यांचा आवाज नको म्हणून.
दुकान उघडलं नाही. इस्पितळाच्या व्हरांड्यात बसलोय. दुआ करायला बसलो तर शब्द सुचेनात. एरवी मला शब्दांची कमतरता नसते. "अवद, अवद" एवढंच म्हणत राहिलो. भूक लागल्याचं मघाशी लक्षात आलं, तेव्हा नवल वाटलं.

१४ ऑक्टोबर, संध्याकाळ, घरी
डॉक्टर बाहेर आले. अवद सुखरूप. त्याची बायको झीनतभाभी भिंतीला टेकून खाली बसली, मीही बसलो. मग उठली, तिच्या बहिणीने पाठवलेला डबा घेतला आणि मला खुणेने जिन्याखाली बोलावलं. तिथे औषधांची रिकामी खोकी रचली होती. डबा माझ्यासमोर उघडून ठेवला. भात भरलेली कोबीची पानं, अजून गरम.
म्हणाली, "खा, बहगतभाई. इथून कुणाला दिसत नाही."
मी म्हटलं, नाही, आज मी...
"आम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "तुमच्या त्या खोलीच्या पंख्यातून रोज दुपारी गल्लीभर कलेजीचा वास येतो. शेखसाहेबांनी सगळ्यांना बजावलंय, कुणी चकार शब्द काढायचा नाही. दुसऱ्याचं झाकलं की अल्लाह आपलं झाकतो. म्हणून तर मुतवल्ली तुम्हाला बघून अजून उठतो."
मी विचारलं, मग अवदने माझ्याकडे दुआ का मागितली?
"तो म्हणाला, एक दिवस तरी बिचारा खरा ठेवेल, सुटेल. मी म्हटलं, नाही ठेवणार." मग डबा आणखी पुढे सरकवला. "तुम्ही आलात, एवढंच पुष्कळ आहे. सकाळपासून बसून आहात. खा."
ठेवलाय असं म्हटलं असतं, तर तिला खोटंच वाटलं असतं. आणि खरं वाटलं असतं, तर मी मोठेपणा मिरवला असता. दोन्हीकडून दार बंद. शिवाय कुणी प्रेमाने वाढलं, तर नफिल रोजा सोडायला हरकत नसते, असं कुठेतरी ऐकलंय.
खाल्लं. चांगलं झालं होतं. दुसरं पान उचलताना तिला म्हटलं, तुम्हीही घ्या. म्हणाली, माझं मघाशीच झालं. तिचे ओठ पांढरे पडले होते. काळजीने असतील, असं मला वाटलं.
तेवढ्यात बाहेर मगरिबची, रोजा सोडायच्या वेळेची, अजान झाली. झीनतभाभीने भिंतीकडे तोंड केलं, पदराआडून एक खजूर काढला आणि तोंडात टाकला.
माझ्या तोंडात घास होता. तो गिळावा की थांबावं, ते कळेना.