कॉफीच्या भांड्याशेजारची जागा

रविवार, २ फेब्रुवारी
निश्चय केला. पंधरा तारखेला चर्चच्या तळघरात गावजेवण आहे, प्रत्येक घराने आपापला पदार्थ आणायचा. मी चॉकलेट-मार्शमेलोचा थंड ट्रे करून नेणार. खाली बिस्किटांचा चुरा, वर चॉकलेट, वर मार्शमेलोच्या मऊ गोळ्या, वर फेटलेली साय. हा पदार्थ थेल्मा लोकेन करायच्या. त्या ऑक्टोबरमध्ये वारल्या. तेव्हापासून टेबलावर कॉफीच्या मोठ्या भांड्याशेजारची त्यांची जागा रिकामी आहे. इतकी जेवणं झाली, कोणाला काही सुचलं नाही. या गावात पुढाकार घेणारं कोणी नाही.

थेल्माबाईंच्या सूनबाई, म्हणजे मिसेस लोकेन, पहिला घास घेतील. त्यांचे डोळे भरून येतील. त्याच वेळी मी त्यांच्या मुलीला, आर्डिसला, लग्नाचं विचारीन. ती मार्चमध्ये टायपिंग शिकायला फार्गोला जाणार आहे, तेव्हा उशीर नको.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
बोर्घिल्ड मावशीला सांगितलं. आई गेल्यापासून मी तिच्याकडेच राहतो, तेव्हा शेगडीही तिचीच. ती बटाटे सोलत होती, थांबली. खिडकीबाहेर बघत म्हणाली, जेलीसुद्धा छान लागते. मी म्हटलं, जेली सगळेच आणतात. ती म्हणाली, हो, म्हणूनच. मग तिने रेडिओ बंद केला. वादळाचा अंदाज सांगत होते, तरीही.
भारावली असावी.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
धान्याच्या कोठारावरच्या कामावरून सुटल्यावर मार्शमेलो आणले. दुकानदार स्टेनरूड यांनी विचारलं, कोकोत घालायला का? मी खरं ते सांगितलं. ते पुडे हातात धरून उभेच राहिले. लोकेनांकडे माहीत आहे का, म्हणाले. मी म्हटलं, त्यांना धक्का द्यायचा आहे. ते म्हणाले, तो तर बसेलच. मागच्या दोन बायका बोलायच्या थांबल्या. मी बाहेर पडेपर्यंत दुकानात फक्त फ्रीजची घरघर ऐकू येत होती.
गुपित फुटू नये म्हणून सगळे गप्प बसले. चांगली माणसं आहेत.

शनिवार, ८ फेब्रुवारी
रंगीत तालीम. मार्शमेलो पातेल्यात फुगत वर आला, खाली बसला, पुन्हा वर आला. कोणी झोपेत श्वास घेतल्यासारखा. मी बघत राहिलो. मग तो काळा पडला. आता चमचा त्यात उभा आहे आणि निघत नाही. पातेलं शेडमागे बर्फात पुरलं. शेजारचा कुत्रा हुंगायला आला आणि शेपूट घालून परत गेला. दोष शेगडीचा. माझं माप बरोबर होतं.

सोमवार, १० फेब्रुवारी
पास्टर घरी आले. सहज आलो म्हणाले, पण इतक्या बर्फात सहज कोणी येत नाही. दोन कप कॉफी प्यायले. काही जागा देवावर सोडाव्यात, ऑरिन, असं म्हणाले. मी म्हटलं, देवाला बरीच कामं असतात, थोडा हातभार लावतो. ते मार्शमेलोच्या पुड्यांकडे बघत राहिले. निघताना त्यांनी माझं नाव घेऊन प्रार्थना केली. मला गोवर झाला होता, त्यानंतर आजच.
एकूण पाठिंबा वाढतो आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
ट्रे तयार. प्रत्येक थर पट्टीने मोजला. तळाला नावाची चिकटपट्टी लावली, पदार्थाचं नावही लिहिलं. शाळा आठवीत सुटली असली तरी मार्शमेलोचं स्पेलिंग शब्दकोशात बघूनच लिहिलं.

मावशी म्हणत होती, जुना ट्रे ने. मी तिचा चांगला काचेचाच घेतला. परत येताना त्यात काहीतरी येणारच आहे. आमच्याकडे रिकामा ट्रे कोणी परत करत नाही. चार बिस्किटं, काही नाही तर बटाटे. हौगेनांनी एकदा निल्सनांचा ट्रे रिकामा पाठवला होता. ती दोन घरं अजून चर्चमध्ये विरुद्ध टोकांना बसतात.

हिवाळ्यात सगळ्यांचा फ्रीज म्हणजे मागचा व्हरांडा. ट्रे तिथे बाकावर ठेवला, वर पांढरं फडकं टाकलं. मावशी आता लाकडं आणायला पुढच्या दाराने वळसा घालून जाते. म्हणाली, आर्नेकाका हिवाळ्यात वारला तेव्हा त्यालाही तिथेच ठेवलं होतं, जमीन थडगं खणण्याइतकी मऊ होईपर्यंत.

शनिवार, १५ फेब्रुवारी, सकाळ
ट्रेची वीट झाली आहे. सुरी वाकली. हरकत नाही. लवकर जाऊन कॉफीच्या भांड्याला टेकवून ठेवीन. जेवणं होईपर्यंत बेताचा मऊ होईल.

रविवार, १६ फेब्रुवारी
कालचा वृत्तांत.

मी ट्रे त्या जागेवर ठेवला तेव्हा तळघरातलं बोलणं बंद झालं. काटेचमचेसुद्धा. मग सगळे एकदम हवामानावर बोलू लागले. रांग आली, ट्रेपाशी जरा वाकडी झाली आणि पुढे गेली. मिसेस स्टेनरूड म्हणाल्या, दिसायला वेगळंच आहे हो. चव घेतली नाही. तोवर साय खचली होती. चॉकलेट काठावरून उतरून टेबलक्लॉथवर पसरू लागलं. लोक तिकडे न बघता आपापल्या बशा उचलत होते.

मिस्टर लोकेनना गाठून मी आर्डिसचा विषय काढला. त्यांनी ट्रेकडे पाहिलं. म्हणाले, उत्तरेचा रस्ता यंदा लवकर मोकळा होईल असं वाटत नाही. म्हणजे नकार नाही.

मग मिसेस लोकेन हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या. उभ्या राहिल्या. डोळे भरून आले. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. त्या आत गेल्या आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

आर्डिस आली. हळू आवाजात म्हणाली, ऑरिन, ती जागा रिकामी नव्हती रे. आईने ती आजीसाठी ठेवली होती. मी म्हटलं, मला एक विचारायचं आहे, आणि विचारलं. ती ट्रे दोन्ही हातांनी उचलून म्हणाली, हा मी धुऊन पाठवते.
रागाचा शब्द नाही. शिवाय जी मुलगी आपणहून ट्रे धुते, ती पुढचा विचार करत असते. उत्तर ट्रेमधून येईल.

बुधवार, १९ फेब्रुवारी
ट्रे नाही. रस्ते बंद असतील. मावशी म्हणाली, बसगाड्या चालू आहेत, आज दूधवाला सांगत होता. लोकेनांची पोरगी फार्गोला गेली म्हणे, मार्चची वाट न बघता. दूधवाल्याला काय कळतं.

शनिवार, २२ फेब्रुवारी
पायरीवर ट्रे होता. गाडी मावशीने ऐकली, मी नाही. लख्ख धुतलेला. तळाची पट्टी शाबूत, सगळी अक्षरं जागच्या जागी. आत काही नाही. वाऱ्याने उडालं असेल म्हणून कुंपणापर्यंत बर्फात शोधून आलो.

मावशी दारात उभी होती. बिस्किटं उडत नाहीत, बाळा, म्हणाली. मग तिने तळघरातून दोन बटाटे आणले, बाहेर जाऊन ट्रेमध्ये ठेवले आणि ट्रे दोन्ही हातांनी धरून आत घेऊन आली. रात्रीच्या जेवणात तेच उकडले.