टिपका आधी, पाना नंतर

६ फेब्रु., शुक्र.
उद्याच्या युनियनच्या गेटसभेतल्या माझ्या भाषणाची सुरुवात लिहिली: "मुरबाडच्या इंजिन लाइनवरच्या बायांनो, गाडीचं काळीज तुम्ही घडवता, आणि तुमच्यातल्या एकीनेही ती गाडी पूर्ण झालेली पाहिलेली नाही!" मंदाला वाचून दाखवलं. शेंगा निवडत म्हणाली, "काळीज नका म्हणू. खालची ऑइलची टाकी म्हणा. आमी तीच लावतो."
मंदा माझी बायको; ती मुरबाडला ठेकेदाराकडे, मी त्याच कंपनीच्या शहापूरच्या कारखान्यात कायम. तिची इंजिनं ट्रेलरने किन्हवलीवरून आमच्याकडे येतात, मी ती गाडीत चढवतो. रोज विचारते, "माझी नीट बसवलीत ना?"

९, सोम.
मंदा जेवली नाही. आधी म्हणाली डोकं दुखतंय. मग सांगितलं.
टाकीला बारा बोल्ट. एकेक पान्याने पक्का आवळायचा, मग त्यावर पिवळा टिपका. आवळल्याची खूण. पण पट्टा असा पळतो की बाया आधी बाराही टिपके मारून घेतात, मग पाना धरतात. आज अकरा बोल्ट आवळून झाले आणि जेवणाचा भोंगा. परतली तर समोर पुढचं इंजिन. बारावा ढिलाच गेला, डोक्यावर टिपका घेऊन. वाटेत जीपमध्ये आठवलं. इंजिनचे शेवटचे आकडे ४१७.
ठेक्यावरच्या बाईने चूक कबूल केली की त्याच दिवशी गेटवर पंच करायचं कार्ड जमा, म्हणजे काम गेलंच.
"तुमच्याकडं येईल ना ते. गुपचूप आवळा."
सत्यावर तासभर बोलणारा मी. "बघतो" म्हणालो.

१०, मंगळ.
४१७ सापडलं. रॅकवर होतं, गाडीत चढायचं बाकी. वाकून पाहिलं. तिचे टिपके ओळखू येतात, सगळे एका मापाचे. पाना हातात होता. दोन सेकंदांचं काम.
नाही आवळला. हा एक आवळेन, पण तिकडे मुरबाडला रोज किती टिपके आधी पडत असतील? रॅकला लाल पाटी लावली, 'थांबवा'. कारणाची जागा कोरी.
घरी सांगितलं. वाटलं, भांडेल. तिने भाताचं पातेलं उतरवलं. मग, "पाटी तुमी लावलीत, कारण मी सांगीन."
"काढतील गो."
"म्हाईत हाय. त्या गाडीत कुणाची तरी पोरं बसतील." मी काही बोलणार तेवढ्यात, "आता भाषण नको. भात वाढा."
वाढला. ती जेवली. मी बघत बसलो.

११, बुध.
मंदाने लाइनच्या साहेबाला सांगितलं, टिपके आधी का पडतात तेसुद्धा. इकडे ४१७ तपासलं. बारावा ढिला निघाला, आवळला गेला. तासाभरात तिचं कार्ड काढून घेतलं. पट्ट्याचा वेग तोच.
संध्याकाळी लाइनवरच्या तिघी धीर द्यायला आल्या. रडू त्यांनाच आलं. चहा मंदाने केला. धसईची सुमन म्हणाली, "आमचे पण राहिलेत गो कधी कधी. आमी बोललो नाय."
मंदा म्हणाली, "मग आता बोला." तिघी उठल्या. कप विसळून गेल्या.

१२, गुरु., सकाळ
रजा टाकली, मुरबाडच्या गेटवर पुन्हा सभा घेतोय. मंदाने कंपनीचा निळा कोट इस्त्री करून घातलाय. कार्ड नाही, तरी. वेणी घालताना म्हणाली, "येतील का वो त्या माझ्या बाजूनं?" मी तिच्या कोटाची कॉलर सरळ केली.
"आज थोडक्यात बोला."
रात्री लिहिलेल्या भाषणाची चार पानं फाडली. एवढंच ठेवलं:
बायांनो, मंदा आत जाईपर्यंत आज एकीनेही कार्ड पंच करू नका.