गंभीर नदीतून काढलेल्या मोटारीची व्यवस्था

मी, चिंतामण बळवंत पागनीस, लोक नाना म्हणतात, वय एकसष्ट, धंदा इंदूर-देपालपूर मोटार सर्व्हिस, राहणार इंदूर, हे माझ्या हाताने लिहीत आहे. पाणी छातीत झाले आहे, डोक्यात नाही. डॉक्टर दिवाळीपर्यंतची मुदत देतात. मला कोणी धाक घातलेला नाही की भांग पाजलेली नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे, कारण त्यात मी एक गोष्ट लपवली होती.

एक. राहते घर आणि पोस्टातली शिल्लक पत्नी आनंदीबाई हिला. ती असेपर्यंत तिची खोली कोणी बदलायची नाही. माझ्या कपड्यांतले ग्रीस तिने पस्तीस वर्षे सोड्यात उकळून काढले, आणि सराफ्यात रबडी खायला नेतो म्हणून मी तिला पस्तीस वर्षे थापा मारल्या. मुलगा शरद याने तिला न्यावे, आणि तिथे उठण्याची घाई करू नये.

दोन. शेजारच्या शामने सन एकोणपन्नासमध्ये दोन दिवसांसाठी नेलेला जॅक शरदने माझ्या तेराव्याच्या आत परत आणावा. विचारत बसू नये, उचलून आणावा. त्याला दुसरे काही देणे नाही, आणि सुतकात त्याने माझी स्तुती करू नये.

तीन. हत्यारे मुलगा शरद यास. त्यातली पान्यांची पेटी माझ्या वडिलांची. ते होळकर सरकारच्या मोटारखान्यात होते. अट एकच. खंडेनवमीला हत्यारे पूजेला मांडली की त्या दिवशी गाडीही रस्त्यावर काढायची नाही. ही अट का, ते पुढच्या कलमात आहे. शरदने ते उभ्या उभ्या वाचू नये, बसून वाचावे.

चार. अंगणात ताडपत्रीखाली दोन वर्षे उभी असलेली मोटार.

शके १८७५ च्या खंडेनवमीला ती गंभीर नदीच्या रपट्यावरून, म्हणजे बिनकठड्याच्या ठेंगण्या पुलावरून, डोहात गेली. नऊ माणसे गेली. आमचा ड्रायव्हर मारुती गावडे त्यांतच. तिसऱ्या दिवशी बारा बैलजोड्या लावून गाडी बाहेर ओढली. समोरच्या काचेवर झेंडूची माळ तशीच होती.

त्या दिवशी सकाळी मी हत्यारे धुऊन पाटावर मांडली होती. मारुती आला आणि म्हणाला, "नानाजी, स्टेरिंग डावीकडे अडतंय. गाडी भरली की जास्तच. जरा खोलून बघू ना."

मी म्हणालो, "अरे, हळदकुंकू वाहिलंय. आज पान्याला हात लावायचा नाही, काही झालं तरी नाही. उद्या बघू."

"मग गाडी पण आज राहू द्या, नानाजी."

"सणाची माणसं घरी जायची आहेत, त्यांना काय पायी पाठवू? हळू ने."

तो "जी" म्हणाला. मी स्वतः चाकापुढे नारळ फोडला. हत्यारांना सुट्टी दिली आणि गाडीला दिली नाही, एवढी अक्कल मला त्या दिवशी होती!

चौकशीच्या साहेबांनी विचारले, "ड्राइवर पीता था क्या?" मारुती एकादशी करणारा माणूस. बिडीसुद्धा ओढत नसे. मी म्हणालो, "कह नहीं सकते, साहब." खोटे बोललो नाही, अशी मी दोन वर्षे मनाची समजूत घातली. कागदावर मात्र ड्रायव्हर दारूच्या नशेत होता असेच लिहिले गेले. त्याची बायको जनाबाई दारात येऊन म्हणाली, "नानासाहेब, ते पीत नव्हते हो. तुम्ही तरी सांगा." मी आनंदीबाईकडून तिला लुगडे आणि पायलीभर गहू देवविले. तिने गहू नेले नाहीत. मी नीच वागलो, याला दुसरा शब्द नाही.

गाडी अंगणात आल्यावर मी एकदा आत बसलो आणि चाक फिरवले. छान फिरले. मग चार पोती वाळू भरून फिरवले. डावीकडे अडले, मारुती म्हणाला होता तसेच. मी उतरलो, ताडपत्री ओढली, आणि कोणालाही बोललो नाही.

आता शरदने तिला नवी बॉडी बसवली आहे. इंजिन सुरू केले तेव्हा पोरगा आनंदाने वर धावत आला. "नाना, इंजन तो एकदम टकाटक! गाडीत काही खोट नव्हतीच. त्या मारुतीनं घात केला, नाहीतर अपनी गाडी कहाँ जाती." शरद वाईट नाही. मीच त्याला जे शिकवले तेच तो बोलतो. स्टेरिंगला त्याने ग्रीस घातले आणि रिकामी गाडी गल्लीत फिरवून पाहिली. रिकाम्या गाडीत ते अडत नाही. परवा बॉडीला निळा रंग लागला. रात्री खोकल्याने जाग आली की तो ओला रंग मला इथे वासाने कळतो, आणि मग सकाळपर्यंत डोळा लागत नाही.

म्हणून माझ्यामागे ही मोटार जनाबाई गावडे यांची. त्यांनी ती तोडावी, जाळावी, लोखंड भंगारात द्यावे. रस्त्यावर मात्र ती कोणी आणू नये. वरील हकीकत कोर्टात वाचून मारुतीच्या नावावरचा डाग पुसावा.

इथवर लिहून मी माझे मित्र श्रीपाद मास्तर यांना वाचायला दिले. त्यांनी चष्मा काढला. "नाना, हे तू मेल्यावर लागू. शरद उद्या, नवमीला, पहिली फेरी नेतो आहे. आणि आज चार वाजता गल्लीतली माणसं भरून राजवाड्यापर्यंत चक्कर. तू दिवाळीपर्यंत जगलास तर?"

 खरे लिहून ठेवायचे आणि ऐकायला आपण नसायचे, असा माझा बेत होता. भित्रा तो भित्राच!

पाच. तरी कलम चार माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. मोटार अजून माझ्या नावावर आहे, ती आजपासून जनाबाईंची. या कागदाची नक्कल मास्तरांनी आजच पोलीस ठाण्यात द्यावी. पुढे जे व्हायचे ते माझे होईल.

मास्तरांनी जनाबाईंना बोलावून आणले. कलम चार मी त्यांना स्वतः वाचून दाखवले. मध्ये दोनदा थांबलो.  त्या जिना उतरून गेल्या आणि मोटारीच्या पुढच्या चाकाला पाठ लावून बसल्या आहेत. चार वाजले आहेत. गाडी माणसांनी भरली आहे, बायका आहेत, लेकरे आहेत. शरदने दोनदा भोंगा वाजवला. त्या उठल्या नाहीत. तो खिडकीकडे बघून ओरडतो आहे, "नाना, ह्यांना उठायला सांगा!"

मी सांगणार नाही. मी खाली जातो आहे.

सही: चिंतामण बळवंत पागनीस

आम्हां दोघांसमक्ष सही केली. शुद्ध पूर्ण होती:
१. श्रीपाद गोविंद मुळ्ये, निवृत्त शिक्षक
२. डॉ. श्रीकृष्ण वामन रेगे

मुक्काम इंदूर, मध्यभारत. आश्विन शुद्ध अष्टमी, शके १८७७.