रोट संपवायला भाऊबंद पाहिजेत

वरणगाव, श्रावण

तीर्थस्वरूप प्रेमराजनाना यांस, धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे निंबाचा, गुडघे वाकतील तितका नमस्कार. (हल्ली अर्ध्यातच थांबतात.) धुळ्याकडे पाऊसपाणी कसं? वहिनींचा खोकला गेला का? फोनच केला असता, पण फोनवर आपण दोघंही "ठीक" म्हणतो आणि गप्प बसतो.

मी सध्या पूर्वज शोधतो आहे. कारण श्रावणात घरी बसवतो ती आपली कानबाई देवी. आपल्या वडिलांनी बांधावरून चुली वेगळ्या केल्या, तेव्हा कानबाईही वेगळी झाली. आणि तिच्या नैवेद्याचे गव्हाचे जाडजूड रोट तर भाऊबंदांनीच संपवायचे, बाहेर कुणाला द्यायचे नाहीत. पोरगा परदेशात. गेल्या वर्षी मी आणि कोकिळा रोट खात राहिलो, खात राहिलो. शेवटी शेवटी तर दुधात कुस्करून, डोळे मिटून. म्हटलं, वर खापरपणजोबापर्यंत गेलो तर दुसऱ्या फांदीवर कुणीतरी खाणारे सापडतील.

नशिराबादला एक आबा म्हणाले, तुम्ही मूळ पाचोऱ्याचे. पाचोऱ्याच्या सुगंधाबाईंनी छातीठोक सांगितलं, नशिराबादचे. (म्हणजे आपलं मूळ गाव एसटीतच असावं.) नावं विचारली तर पणजोबा निंबा, त्यांचे वडील भिका, त्यांचे वडील पुन्हा निंबा. पुढे मीच भेटेन या भीतीनं विचारणं सोडलं.

परतताना एसटीत डोळा लागला. केळीच्या बागेत हिरव्या सावलीत पांढऱ्या टोप्यांची पंगत बसली होती, लांबच लांब, पार दिसेनाशी होईपर्यंत. तोंड एकाचंही दिसेना. मी रोटांची टोपली घेऊन नावं विचारत चाललो. एक जण मान न वळवता म्हणाला, "पहिले रोट वाढ रे भाऊ, नाव मंग सांगसू." फार बरं वाटलं, नाना. माझ्या पाटाशेजारचा पाट तेवढा रिकामा होता, त्याचं वाईट वाटलं. जाग आली तेव्हा वरणगाव मागे राहिलं होतं.

असो. पूर्वजांचा नाद सोडला आहे. वहिनींना नमस्कार, चिरंजीव भूषणला आशीर्वाद.

आपला,
निंबा

ता. क. – हे सगळं कोकिळेला सांगितलं तर ती हसायलाच लागली. रोटांसाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मुठीनं गहू घेतात ना, ती इतकी वर्षं तुमच्या आणि भूषणच्या नावाच्याही मुठी टाकत आली आहे. रोट उरणार नाहीत तर काय! मी रागावलो, तर माहेरच्या अहिराणीत म्हणाली, "चूल येगळी झायी, मूठ कसाले येगळी करू?"

आणखी ता. क. – यंदाच्याही मुठी टाकून झाल्या, दळण आलं. तुमच्या वाटचे रोट आता माझ्याच्यानं खाववत नाहीत. रविवारी कानबाई बसते. भूषणला घेऊन या. पाट मांडून ठेवतो.