दोन घरांचं पाणी

माय,

हिंगोलीत दोन घरं पाहून ठेवलीत आणि उद्या त्यातल्या एकाचा भाव सांगायचाय. विचारायला दुसरं कुणी न्हाई म्हणून, तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी, तुलाच लिहायला बसले. पोरीला फोन केला तर ती म्हणते, "मम्मी, तुमी दोघं ठरवा, राहायचं तुमाला आहे." बराबरच आहे तिचं. पण दोघांनी ठरवायचं म्हणजे काय, ते तिला कसं सांगू? यांना मागच्या वर्षी लकवा झाला. डावी बाजू गेली. देवाच्या कृपेनं बोलणं परत आलं, पाय ओढत का होईना चालतात, हात मात्र अजून लुळाच आहे. जवळा बाजारचं कापडाचं दुकान देऊन टाकलं. दुकानामागच्या खोल्या भाड्याच्याच होत्या, त्याही आता सोडायच्या. व्यायाम करून घेणारे डॉक्टर हिंगोलीला बसतात. दर आठवड्याला यांना जीपमध्ये चढवता-उतरवता मी थकते, आणि माझ्याकडं पाहून हे थकतात. म्हणून आयुष्यभर एकेक पैसा बाजूला टाकला त्याचं आता घर घ्यायचं ठरलं.

दोन्ही घरं एकाच गल्लीत, समोरासमोर. दलाल हसरा माणूस आहे. "काकू, एकाच मिस्त्रीनं बांधलेली, एकाच नकाशाची. डोळे झाकून कोणत्याबी घरावर बोट ठेवा," म्हणाला. मी डोळे झाकून कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेत न्हाई, तुझीच लेक आहे. घरी येऊन हिशेबाच्या वहीत मधोमध रेघ मारली आणि दोन्ही घरं शेजारी शेजारी लिहून काढली. तेवढ्याच खोल्या, तसाच ओटा, दवाखाना तेवढ्याच अंतरावर, महादेवाचं देऊळ तेवढ्याच अंतरावर, भावही जवळजवळ सारखा. फरक एवढाच की एक घर रस्त्याच्या सपाटीला आहे, उंबरा सोडला तर पाय उचलायचं काम न्हाई. त्याचा पाया कच्चा आहे, वर कधी काही बांधता यायचं न्हाई. दुसऱ्याचं जोतं उंच, दाराला पाच पायऱ्या, पण बाहेरून जिना आणि वर एक वेगळी खोली आहे, भाडेकरू ठेवण्याजोगी. पायऱ्यांच्या जागी उतार करू म्हटलं तर खाली लगेच नाली आहे, जागाच न्हाई.

मी पहिल्या दिवसापासून सपाटीचं घर धरून बसले. यांना रोज बाहेर पडता आलं पाहिजे, देवळापर्यंत जाता आलं पाहिजे, कुणी दोन माणसं भेटली पाहिजेत. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांशी बोलण्यात गेलेला माणूस पायऱ्यांवर अडकून खिडकीशी बसला तर काय उरेल त्याचं? हे मात्र वरच्या खोलीचंच घेऊन बसले. काहून ते मला कळत नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. दुसऱ्या खेपेला यांनी दलालाला विचारलं, "गल्ली कशी आहे हो? एकटी बाई राहिली तर?" दलाल हसला. "काका, सांभाळून! काकू ऐकून राहिल्या. कुठं पळून जायचा विचार हाय का?" हेही हसले. मी नळाची तोटी फिरवून पाहत होते, फिरवतच राहिले.

मग यांनी काठी टेकली आणि त्या पाच पायऱ्या चढायला लागले. मी हात द्यायला गेले तर म्हणाले, "थांब तू. मला चढू दे." चांगला पाय वर ठेवायचे, दुसरा ओढून त्याच्याजवळ आणायचे, दम घ्यायचे. वर पोचले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. दारात उभे राहून मला म्हणतात, "हे बघ, जमतंय की! फुकटची काळजी करते." शाळेत पहिला नंबर आलेल्या लेकरासारखं तोंड झालं होतं. मी काय बोलणार होते, माय? न्हाई जमत म्हणाले तर त्यांचं तोंड उतरणार, जमतंय म्हणाले तर घर ठरणार.

तेव्हा मला तू आठवलीस. माझ्या लग्नाच्या वेळी दोन स्थळं आली होती, एक साखरा गावचं आणि एक हे. दोन्ही पोरं मॅट्रिक, दोन्ही घरं खाऊन-पिऊन सुखी, दादांना बाप असून काही ठरवता येईना. तू दोन्ही घरं बघून आलीस आणि दोन्हीकडून वाटेत तहान लागंल म्हणून तांब्याभर पाणी मागून आणलंस. वाटेत एक घोट प्याली न्हाईस. चूल पेटवून सारख्या मापाची तुरीची डाळ दोन पातेल्यांत टाकलीस. दादा चिडले. "पाणी बघून पोरगी देतात का कुठं? लोक हसतील." तू फुंकणी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "हसू द्या. पोराला काय, ते बाहेर फिरंल. माझ्या लेकराला रोज चुलीपुढं बसायचंय." साखऱ्याच्या पाण्यात डाळ टणक राहिली, वर पाणी अन् खाली डाळ. यांच्या आडाच्या पाण्यात लोण्यासारखी शिजली. मी दाराआडून बघत होते. माझं लग्न त्या पातेल्यात ठरलं. हे मी यांना पुढं सांगितलं तेव्हा हे कितीतरी दिवस दुकानात सांगत सुटले, "मी न्हाई पसंत पडलो, आमचा आड पडला."

मीही तेच केलं. दोन बाटल्या नेल्या, दोन्ही घरांच्या बोअरचं पाणी भरून आणलं. सोमवारी औंढ्याला जाऊन नागनाथापुढं डोकं टेकलं आणि मागितलं की सपाटीच्या घरची डाळ शिजू दे. माझ्याजवळ बोलायला दुसरं काही न्हाई, तेवढं तरी दे. मग कुकर न लावता, मीठ-हळद न टाकता दोन पातेली गॅसवर ठेवली. हे स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची घेऊन बसले. "कोणतं कोणाचं?" विचारायला लागले. मी सांगितलं न्हाई. बऱ्याच वेळानं पळी घातली. पायऱ्यांच्या घरची डाळ गळून गेली होती. सपाटीच्या घरच्या डाळीचा दाणा बोटात दाबला तर दबेना. मी आणखी पाणी घातलं, आणखी वेळ ठेवली. गॅस जाळायला मन होत न्हाई माझं, तुला माहीत आहे, पण आज जाळला.

माझं तोंड बघून यांनी ओळखलं. "झालं, तुझ्या मायनं निकाल दिला," म्हणाले. मी म्हटलं, "पाण्याला मशीन बसवता येते आता. घरोघरी आहे." हे म्हणाले, "मशीन बसंल गं. पण तिथं महिन्याचं भाडं कोण आणून देणार? माझं ऐक. मी हाय तोवर चढीन कसाबसा." पुढचं ते बोलले न्हाईत आणि मीही बोलू दिलं न्हाई, उठून पातेली घासायला बसले. लगेच फोन करून दलालाला सांगितलं त्यांनी, उद्या ये, पायऱ्यांच्या घराचं बोलू. माझ्याकडं बघून विचारलं, "सांगू ना?" मी मान हलवली. कशी हलवली ते माझं मलाही माहीत न्हाई, त्यांनी ती होकाराची धरली.

तू म्हणशील, देवानं कौल दिला तर रडते काहून. कौलाचं रडू न्हाई, माय. हा कागद कुठं टाकायचा न्हाई, सकाळी दिव्याच्या वातीला लावून टाकीन, म्हणून लिहिते. पायऱ्यांचं घर पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा हे खाली ऑटोतच बसले होते. मी एकटीच आत फिरत होते आणि मनातल्या मनात सामान लावून बघत होते. ईशान्येला देव मांडले, जिन्याखाली गव्हाची कोठी ठेवली, आतल्या खोलीत कपाट, खिडकीपाशी खाट. सगळं बराबर बसलं. बाहेरून यांनी हाक मारली तेव्हा माझ्या ध्यानात आलं, खाट मी एकच टाकली होती.