कावळ्यांना तोंड कळतं

शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. १२ सप्टेंबर १९३३

प्रिय अनसूये,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल शाळेत मिळालं. परीक्षा तीन आठवड्यांवर आली असताना तू नर्सिंगचं शिक्षण सोडून घरी येणार, येत्या सोमवारी इस्पितळाच्या मोठ्या बाईंना तसं लिहून देणार, हे वाचल्यावर माझं वर्गात लक्ष लागेना. मुलांना गणितं घालून दिली आणि मी खिडकीशी उभा राहिलो. सोमवारच्या आत हे पत्र मिरजेला पोचायला हवं, म्हणून पाल्हाळ लावायचं नाही असं ठरवून बसलोय. पण तुझा अण्णा तुला ठाऊक आहे. कावळ्यांबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढचं सांगता येणार नाही. तेवढं सोस.

परसातल्या कडुलिंबावरची कावळ्यांची जोडी तुला आठवत असेल. आई जेवायला बसण्याआधी त्यांचा भात भिंतीवर ठेवायची, आणि तिच्या बांगड्या वाजल्या की ती दोघं खाली उतरायची. तू मिरजेला गेल्यावर मी त्यांची वही ठेवायला लागलो. कधी येतात, काय नेतात, कोणाला भितात. मी वहीत जे चार दिवस बघून लिहायचो ते आईला आधीच माहीत असायचं. शिळी भाकरी मिळाली की कावळा ती उचलून गुरांच्या दोणीत बुडवतो, मऊ झाली की मग खातो, हे मी मोठ्या कौतुकानं तिला सांगितलं. तिची त्या वेळी ताकात भाकरी कुस्करणं चालू होतं. म्हणाली, दात नसले की कोणालाही सुचतं, त्यात काय.

वैशाखात माझ्या डोक्यात शिरलं की त्यांच्या घरट्यात कोकिळेचं अंडं असणार. शिडी लावून वर चढलो. घरटं काय देखणं होतं म्हणून सांगू. तारांचे तुकडे, काटक्या, आणि आत शेजारच्या सुंदरम्माच्या मागावरचं लाल सूत. पाच अंडी होती, त्यांतलं एक जरासं लहान. ते हातात घेऊन उजेडात धरलं आणि माझ्या वजनानं फांदी वाकली. सगळं घरटं खाली दगडावर आलं. एकही अंडं वाचलं नाही. दोन्ही कावळे माझ्या तोंडासमोर येऊन असे ओरडले की मला शिडीवरून उतरता येईना. आईनं खालून सगळं पाहिलं. एवढंच म्हणाली, यज्ञेश्वरा, आता छत्री घेऊन हिंड. त्यांना माणसाचं तोंड कळतं.

मला ते हसण्यावारी न्यावंसं वाटलं. पण दुसऱ्या दिवसापासून मी दारात पाऊल टाकलं की डोक्यावर चोच. टोपी बदलली, कोट बदलला, एकदा पागोटंसुद्धा घातलं, काही उपयोग नाही. माझ्या पुढेमागे चालणाऱ्यांना मात्र कोणी हात लावत नव्हतं. आठवड्याभरात तळ्याकडचे कावळेही त्यांना सामील झाले. त्यांचं मी काय वाकडं केलं होतं? त्या दोघांनी बाकीच्यांना माझी ओळख करून दिली होती, दुसरं काय. मी छत्रीशिवाय बाहेर पडेना. सोलापूरच्या उन्हाळ्यात छत्रीचं कोणाला नवल नाही आणि पुढे पाऊस आला, त्यामुळे माझी अब्रू झाकली गेली. घरटं पाडल्याचं मी कोणाला सांगितलं नाही. आईनंही नाही.

श्रावणात आईच्या पाठीला काळपुळी झाली आणि दहा दिवसांत ती गेली. तुला रजा मिळाली नाही, तू पोचू शकली नाहीस, त्याचा दोष कोणी तुला देऊ नये. दहाव्याला तळ्यावर पिंड ठेवले. मी मुंडन केलेला, उघड्या डोक्यानं पुढे उभा. समोरचं चिंचेचं झाड कावळ्यांनी भरलेलं होतं, सगळे माझ्याकडे बघून कलकलाट करत होते, आणि पिंडाला एकही शिवेना. एकनाथकाका हात जोडून म्हणाले, "वहिनी, सगळं नीट करू." कावळा हलेना. मग सगळ्यांना एकदम तुझी आठवण झाली. तू परक्यांची दुखणी काढायला गेलीस म्हणून आई दीड वर्ष तुझं नाव घेत नव्हती, हे सगळ्या पेठेला माहीत. काका म्हणाले, "वहिनी, अनसूयेला शिक्षण सोडायला लावतो, घरी आणतो." तरी नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून विधी उरकला. काकांनी त्याच संध्याकाळी तुला कार्ड टाकलं की आईचा जीव तुझ्यात अडकलाय.

त्या कार्डात एक गोष्ट नव्हती. काकांचं बोलणं चालू असताना सांगोल्याकडचा हिंदुराव तिथं शेळ्यांना पाणी पाजायला आला होता. तो मला म्हणाला, "मास्तर, तुमी जरा झाडाआड जावा की. ती तुमास्नी बघून वरडत्यात." सगळ्यांनी त्याला गप्प केलं. बिचारा शेळ्या घेऊन निघून गेला.

परवा महिन्याचं श्राद्ध होतं. या वेळी काकांना बोलावलं नाही, हिंदुरावला बरोबर घेतलं. पिंड त्याच दगडावर ठेवला, हिंदुरावची घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली आणि लांब भिंतीआड जाऊन बसलो. तोंडानं कसलंही वचन दिलं नाही. बसून घोंगडी सारखी करतोय तोवर हिंदुराव म्हणाला, "बगा, शिवला." दोन कावळे पिंडावर होते. मी तिथंच रडलो, अनू. हिंदुरावला वाटलं, आईच्या आठवणीनं. काल पत्र वाचलं आणि आज सकाळी पुन्हा तळ्यावर गेलो. साधा दहीभात त्याच दगडावर ठेवून तोंड न झाकता उभा राहिलो. झाडभर कलकलाट, आणि भाताला कोणी शिवलं नाही.

आई तुझ्यावर रागावली होती हे खरं आहे, ते मी खोटं म्हणणार नाही. पण जाण्याआधी दोन दिवस कंपाउंडर तिची जखम धूत होता तेव्हा ती मला म्हणाली, अनसूयेचा हात हलका आहे रे, तिनं दुखू दिलं नसतं. हे मी तुला महिनाभर कळवलं नाही. का नाही, ते आता लिहितो, कारण त्यासाठीच हे पत्र आहे. हिंदुराव बरोबर बोलतोय हे मला तळ्यावर त्याच क्षणी कळलं होतं. कावळे ओरडायला लागले तेव्हाच कळलं होतं. दहा पावलं मागे सरलो असतो तर पिंड शिवला असता. मी सरलो नाही. तुझी गोदावरीवहिनी गेल्यापासून आईनंच मला सांभाळलं, आता ती गेली, आणि काकांनी तुला घरी आणायचं वचन दिलं तेव्हा मला बरं वाटलं. खानावळीचं अन्न, रिकामं घर, दारात वाट बघणारं कोणी नाही, याची मला भीती वाटली आणि मी आईच्या नावावर तुला बोलावू दिलं. तू सोमवारी काही लिहून देऊ नकोस. परीक्षा दे. काकांना मी आज संध्याकाळी घरट्यापासून सगळं सांगणार आहे, त्यांचं कार्ड तू फाडून टाक. आईची कसलीही इच्छा राहिली नव्हती. त्या दिवशी तळ्यावर जी इच्छा अडून उभी होती ती माझी होती.

तुझाच,
अण्णा