काका शेवटी बोलले

१२ मे, मंगळ.
लाइट दोनदा गेली. माझे बारा नकली शेतकरी पुन्हा एका सुरात. कॉम्प्युटरच त्या बाराही जणांच्या तोंडून बोलतो. खेळ एवढाच: वादळाची अफवा आहे, केळीचे कच्चे घड आज कापायचे की थांबायचं? सगळे एकाच स्वभावाचे ठेवले की पहिला "कापा" म्हणतो आणि बाकीचे त्याच्या मागे. थिसिसमध्ये मला दाखवायचंय की माणसं वेगवेगळी घेतली की कळप फुटतो. आता तशी घेते.

संध्याकाळी मोठे काका आले, मावा जिलेबी घेऊन. आतोबा गेल्यापासून आत्या बहादरपूरला एकटी, त्यावरून आईला म्हणाले, "रविवारी जाऊन शालूले इकडंच आनू. एकटीनं काय राहाते तिथं?" आई म्हणाली, "बराबर आहे." मीपण हो म्हटलं. मला तर आनंदच झाला. शाळेत असताना माझ्या वेण्या आत्याच घालायची.

१४ मे
बारा वेगळी माणसं तयार. मजा आली. एक घाबरट, एक दिवसभर व्हॉट्सॲपवर, एक हुबेहूब काका. एक पार्वती: एकटी, ठरवण्याआधी बागेत चक्कर मारणारी. अर्थात आत्या.
निकाल? बाराही जण "कापा". पार्वतीसुद्धा. "मोठे म्हणतात तर बरोबरच असेल." चिडून लॅपटॉप मिटला.

१५ मे
आई भेंडी चिरत होती. माझं रडगाणं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "पण यांच्यात पहिले कोन बोलते?"
बघितलं. यादी मी वयाप्रमाणे भरली होती, मोठे पहिले. कोणी सांगितलं नव्हतं, सवयीनं. पंगतीत वाढतो तसं.
बोलण्याचा क्रम दर वेळी बदलेल असं केलं. एकसारखे बारा तरीही कळपच, जो पहिला बोलेल त्याच्या मागे. वेगळे बारा मात्र फुटले! पार्वती म्हणाली, "मी आधी बाग बघून येते." तिच्यामुळे आणखी काही थांबले. कॉम्प्युटरचं वाक्य आहे, कळतं मला. तरी डोळे भरून आले.
मग मनात आलं, रविवारी पहिलं कोण बोलणार?

१७ मे, रवि.
बहादरपूर. गाडीतच काकांना म्हटलं, आज तुम्ही सगळ्यांत शेवटी बोला ना. "का वो, माझं बोलनं कडू लागते का?" पण हसून कबूल झाले.
आत्यानं चहा दिला. आई काकांकडे बघते, मी आईकडे. काका ओठ घट्ट मिटून पंख्याकडे. इतके हाल झालेले मी त्यांचे कधी पाहिले नाहीत.
शेवटी मीच विचारलं, "आत्या, तुला काय वाटतं?"
बशी हातातच राहिली तिची. "मले? मले इचारान असं वाटलंच नाही. मी तं पिशवी भरून ठेवली." खरंच, दाराशी भरलेली पिशवी होती. वर तिची शाल, नीट घडी केलेली. आम्ही येताना कोणाला दिसली नव्हती.
"थोडं सोचू द्या," म्हणाली.
आता काकांची पाळी. मला धास्ती. त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ. "सोच शालू. घाई नाही."


२० मे, बुध.
आत्याचा फोन. पिशवी रिकामी केली म्हणाली. शाल लागतच नाही उन्हाळ्यात, उगाच भरली होती.
"ठरलं का मग?"
"नाही ना. एक दिवस वाटते जावं, एक दिवस वाटते ऱ्हावं. तू ये इकडं आठ दिवस. तू बी सोच, मी बी सोचते. पन मी सांगल्याबगर तू काही बोलू नको, बेटा. तू ‘ये’ म्हनली का मी लगेच येऊन जाईन."
हो म्हटलं.
बॅग भरली. लॅपटॉप घेतला, चार्जर घेतला. माझं तर ठरलेलंच आहे. मला ती इथे हवी आहे, रोज, सकाळी उठल्याबरोबर. आठ दिवस तिच्या शेजारी बसायचं आणि हे बोलायचं नाही.